किरणोपचाराच्या आज्ञावली आणि गंजिफेचा डबा

(मंडळाच्या वार्षिक स्नेहसंमेलनात सावंतवाडी येथे दिलेले व्याख्यान)



ज्ञातिमंडळाच्या व्यासपीठावर संगणकासारखा रूक्ष विषय घ्यावा की नाही, याविषयी चिटणीसांना शंका होती. परंतु हा विषय अखेर रोग्याच्या उशाशी येऊन पोहोचतो, असे सांगितल्यावर त्यांनी अनुमती दिली. कर्करोगाने आपल्यापैकी किती घरे गाठली आहेत, हे येथे मोजून दाखविण्याचे कारण नाही. सावंतवाडीचा रोगी बांबोळीस जातो, कोल्हापुरास जातो, अथवा परळला टाटा स्मारक रुग्णालयाच्या आसपास खोली शोधतो. ते रुग्णालय १९४१ साली सुरू झाले. कोकणातून तिकडे जाणारी वाट अद्याप थांबलेली नाही.

किरणोपचाराचे यंत्र महाग असते. ते स्वस्त करण्याचा यत्न आपल्याच महाराष्ट्रात झाला. तुर्भ्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्राने ‘भाभाट्रॉन’ हे कोबाल्टचे यंत्र सिद्ध केले. तथापि यंत्रामागे डोळ्यांना न दिसणारे दुसरे साहित्य लागते. किरण कोणत्या दिशेने सोडावयाचे, गाठीवर किती पडतील, शेजारच्या निरोगी भागास किती झळ लागेल, हा हिशेब आधी संगणकावर करावा लागतो. त्यासाठी सी. टी. यंत्राने काढलेली शरीराची प्रतिमा घेतात. तीत पाण्याला शून्य आणि हवेला उणे १००० असे अंक ठरलेले आहेत. त्यांवरून शरीराचा कोणता भाग किती घन आहे ते कळते. मग त्या आभासी शरीरावर आभासी किरणांचे लक्षावधी कण सोडतात. प्रत्येक कण कोठे वळेल, कोठे थांबेल, हे यदृच्छेने काढलेल्या अंकांवरून ठरविले जाते. या रीतीला युरोपातील जुगाराच्या एका नगराचे, माँटे कार्लोचे, नाव पडले आहे. गंजिफा पिसणाऱ्या सावंतवाडीकरास ही कल्पना परकी वाटू नये!

आता नवलाची गोष्ट अशी की, या कामाच्या कित्येक उत्तम आज्ञावली फुकट आहेत. जगातील शास्त्रज्ञांनी मिळून ‘जीअँट-४’ हा कणांच्या प्रवासाचा संच रचला व १९९८ साली प्रसिद्ध केला. त्याच्याच आधारावर पुढे वैद्यकीय उपयोगासाठी ‘गेट’ ही आज्ञावली उभी राहिली. पैसा पडत नाही, परवाना मागावा लागत नाही. मग अडते कोठे? अडते ते मांडणीत. गेटला जीअँट-४ लागते, तेही नेमक्या आवृत्तीचे. त्याला पदार्थांच्या गुणधर्मांच्या निराळ्या सारण्या लागतात. प्रतिमा वाचण्यास आणखी एक संच लागतो. यांतील एक जरी जुळला नाही, तरी सारे ठप्प. आपल्या दशावतारी गंजिफेत १२० पाने असतात. एक पान हरवले की उरलेली ११९ कितीही सुंदर रंगविलेली असोत, डाव मांडता येत नाही. म्हणूनच चिताऱ्याच्या हातची गंजिफा डब्यात घालून देतात, सुटी पाने पदरात टाकीत नाहीत.

हा डबा बांधण्याचे काम काही मंडळींनी अंगावर घेतले आहे. १९९३ साली सुरू झालेल्या ‘डेबियन’ या मुक्त संगणक-प्रणालीत २००२ पासून ‘डेबियन मेड’ नावाची वैद्यकीय शाखा चालते. तिचे स्वयंसेवक मूळ आज्ञावली घेतात, तिचा परवाना तपासतात, तिला आणखी काय काय लागते त्याची यादी जोडतात, आणि सारे एका पुडक्यात बांधून त्यावर सही करतात. घेणाऱ्याने एक ओळ लिहावी, की यादीतील सर्व वस्तू आपोआप येऊन जागच्या जागी बसतात. क्ष-किरण प्रतिमा साठविणारी ‘ऑर्थँक’ आज्ञावली अशीच मिळते. या प्रणालीच्या स्थापनेचे पडदे मराठीतही आहेत, हे पुष्कळांना ठाऊक नसते. गेटच्या कर्त्यांनीही हा बोध घेतला. पूर्वी ते सर्व साहित्य आत बसविलेला एक आभासी संगणकच देत असत, आणि दहाव्या आवृत्तीपासून एका ओळीत स्थापना होते. पावसाळ्यात तारा तुटून जाळे बंद पडणाऱ्या आपल्या प्रांती डेबियनची पुडकी बोटाएवढ्या पेन-ड्राइव्हवर आणता येतात, हाही लहान लाभ नव्हे.

येथे एक इशारा देणे अवश्य आहे. गेटसारखे साधन अभ्यासासाठी व पडताळ्यासाठी आहे. त्यावर काढलेल्या अंकांनी कोणी रोग्यावर किरण सोडू नयेत. त्या कामास प्रमाणित आज्ञावली आणि अधिकारी वैद्यकीय पदार्थशास्त्रज्ञच हवेत. पण असे शास्त्रज्ञ तयार व्हावयाचे कोठून? ओरोसला आता शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, सावंतवाडीत पदार्थशास्त्र शिकणारी मुले-मुली आहेत. त्यांच्या हाती हा डबा आज दिला, तर मुंबईस जाण्यापूर्वीच किरण गाठीत कसा विरतो हे त्यांना स्वतः पाहता येईल.

म्हणून माझी मंडळाला विनंती आहे की, विद्यार्थी साहाय्यक फंडातून यंदा पुस्तकांबरोबर दोन साधे संगणकही घ्यावेत आणि त्यांवर ही पुडकी बसवून ठेवावीत. तसेच संगणक शिकणाऱ्या आपल्या मुलांपैकी एखाद्याने पुडके बांधण्याचे काम शिकावे. त्यास वैद्य असावे लागत नाही. चिकाटी हवी आणि यादी लिहिण्याची सवय हवी. आरंभ एखाद्या बेवारस पडलेल्या लहान पुडक्याच्या दुरुस्तीपासून करता येतो, आणि अशा कामांच्या याद्या डेबियनची मंडळी सर्वांस पाहण्यासाठी उघड्या ठेवतात.