सत्कार संपल्यावर
(मंडळाच्या वार्षिक स्नेहसंमेलनात, विद्यार्थी-गुणगौरव समारंभात केलेले भाषण)



‘गुरू आणि स्नेही’ या विषयावर चार शब्द बोलावे, अशी कार्यकारी मंडळाने मला आज्ञा केली. मी मॅट्रिकच्या पुढे न गेलेला, उभा जन्म प्राथमिक शाळेच्या फळ्यापुढे घालविलेला मनुष्य. विद्वत्तेची अपेक्षा आपण माझ्याकडून करणार नाही, अशी खात्री आहे. परंतु आपल्या नागपूरच्या इतिहासाशी निगडित अशी एका शाळामास्तराची कथा आहे, आणि ती शिक्षकानेच सांगावी असे मला वाटते.

दिनांक १४ ऑक्टोबर १९५६ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी आपल्या या नगरीत लक्षावधी अनुयायांसह बौद्ध धम्माची दीक्षा घेतली. ती दीक्षाभूमी आपण सर्वांनी पाहिली आहे. परंतु भगवान बुद्धांचे चरित्र त्यांच्या हाती प्रथम कोणी ठेविले, हे आपल्या मुलांस विचारल्यास फार थोडी उत्तर देऊ शकतील. ते गृहस्थ म्हणजे कृष्णराव अर्जुन केळुसकर. वेंगुर्ल्याजवळील केळूस गावी १८६० साली जन्मलेले आणि मुंबईस विल्सन हायस्कुलात शिक्षक असलेले. संत तुकाराम, गौतम बुद्ध आणि छत्रपती शिवाजी महाराज या तिघांची मराठी चरित्रे त्यांनी लिहिली. बुद्धचरित्र १८९८ सालचे आहे.

बाबासाहेबांचे शिक्षण एल्फिन्स्टन हायस्कुलात झाले. म्हणजे वर्गात त्यांना शिकविणारे मास्तर केळुसकर नव्हते. चरित्रकार लिहितात की, चर्नी रोडच्या बागेत एक मुलगा नित्य पुस्तक घेऊन बसलेला केळुसकरांना दिसे. त्यांनी आपण होऊन त्याची चौकशी केली आणि त्यास वाचावयास पुस्तके देऊ लागले. त्याचे वडील सुभेदार रामजी यांचेही ते स्नेही होते. बाबासाहेब त्यांचा उल्लेख ‘दादा’ असा करतात.

आता जी हकीगत सांगणार आहे, ती आजच्या प्रसंगास विशेष लागू आहे. बाबासाहेबांनी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथासाठी १९५६ साली एक प्रस्तावना लिहिली होती. पहिल्या आवृत्तीत ती छापली गेली नाही. तीत ते सांगतात की, आपण परीक्षा उत्तीर्ण झालो तेव्हा समाजातील मंडळींनी जाहीर सभा भरवून सत्कार करावयाचे ठरविले. ही परीक्षा इंग्रजी चौथीची होती असे ते स्वतः लिहितात. चरित्रकार ती १९०७ ची मॅट्रिक मानतात. परीक्षा कोणतीही असो, सुभेदारांनी सत्कारास नकार दिला. मुलाच्या डोक्यात हवा जाईल, ही बापाची भीती. तेव्हा मंडळी केळुसकरांकडे गेली. दादांनी रदबदली केली, सुभेदार नमले आणि सभा झाली. सभेत दादा बोलले, आणि भाषणाच्या शेवटी त्यांनी आपले बुद्धचरित्र त्या मुलाच्या हाती दिले. त्याच्या वाचनाने आपण भारावून गेलो, असे बाबासाहेबांनी नमूद करून ठेविले आहे.

बंधुभगिनींनो, तोही आजच्यासारखाच एका समाजाने आपल्या मुलाचा केलेला गौरव होता. हार घालून मंडळी घरी गेली असती तर तो तेथेच संपला असता. केळुसकरांचे काम मात्र सभा आटोपल्यावर सुरू झाले.

इंटरची परीक्षा झाल्यावर सुभेदारांजवळ पुढील शिक्षणास पैसा उरला नाही. केळुसकर त्या तरुणास घेऊन श्रीमंत सयाजीराव महाराजांकडे गेले. महाराजांनी काही प्रश्न विचारिले, उत्तरांनी त्यांचे समाधान झाले आणि दरमहा २५ रुपयांची शिष्यवृत्ती मंजूर झाली. त्या आधारावर बी. ए. पुरे झाले. पुढे १९१३ साली बडोद्याच्याच शिष्यवृत्तीवर बाबासाहेब न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले.

येथपर्यंतच्या साहाय्यास आपण उपकार म्हणू. हुशार मुलास मदत करणारे तरी पुष्कळ भेटतात. स्नेह्याची परीक्षा पुढे झाली. १९१७ साली बाबासाहेब बडोदे संस्थानच्या नोकरीत रुजू झाले, आणि परदेशातून एवढी विद्या घेऊन आलेल्या त्या पुरुषास केवळ जातीमुळे त्या शहरात राहावयास घर मिळेना. पारशी वसतिगृहातून त्यांना अपमानित होऊन बाहेर पडावे लागले. मुंबईस परतल्यावर पुनः धीर कोणी दिला? केळुसकरांनीच. बडोद्यातील आपल्या परिचयाच्या एका प्राध्यापकाच्या घरी त्यांनी व्यवस्था लाविली. तीही ऐनवेळी फिसकटली, असे चरित्रकार लिहितात. यश आले नाही, तरी ज्याच्यासाठी खटपट केली त्यास आपण एकटे नाही हे कळले. दोघांच्या वयांत ३१ वर्षांचे अंतर. तरीही मास्तरांचे मास्तरपण गळून स्नेह उरला. १९३४ साली केळुसकर निवर्तले. दीक्षेचा सोहळा त्यांना पाहावयास मिळाला नाही.

आणखी एक गोष्ट आपल्या मंडळाने ध्यानी घ्यावी. केळुसकर त्या मुलाच्या जातीचे नव्हते. बागेत बसलेल्या मुलाची जात पाहून त्यांनी पुस्तक मागे घेतले असते, तर काय झाले असते, याचा विचार ज्याने त्याने करावा.

आपण म्हणाल, मंडळाचा विद्यार्थी-निधी तुटपुंजा आहे. आपल्याच मुलांस तो पुरत नाही, मग इतरांचे काय? हा आक्षेप मला मान्य आहे. पैसा मोजका असतो, दुसऱ्यास दिला की आपल्यास कमी पडतो. परंतु पुस्तक, वेळ, ओळखीचा शब्द आणि संकटात पाठीवर ठेवलेला हात यांना हा हिशेब लागू नाही. निधीचे नियम कार्यकारिणीने ठरवावे. माझी विनंती माझ्यासारख्या सेवानिवृत्त शिक्षकांना आहे. आपल्या सभासदांत आपली संख्या थोडी नाही. प्रत्येकाने आपल्या गल्लीतील एक मुलगा किंवा एक मुलगी निवडावी, जात विचारू नये, आणि पदवी हाती येईपर्यंत तिचा हात सोडू नये. मी स्वतः हे व्रत आजपासून घेत आहे.

विद्यार्थी मित्रांनो, आज तुमच्या गळ्यात हार पडतील. ते घेऊन आनंदाने घरी जा. पुढल्या वर्षी गुण कमी पडले, फी भरावयास अडचण आली किंवा कोणी दार लावून घेतले, तर मात्र संकोच न करिता आमच्याकडे या. सत्काराच्या दिवशी तुम्ही आम्हांस जेवढे प्रिय आहात, त्याहून त्या दिवशी अधिक प्रिय असाल.