न दिसणारा बोल्ट
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



मी सातवी शिकलेली बाई. या व्यासपीठावर आजवर हळदीकुंकवाचे तबक घेऊन आले, बोलायला कधी आले नाही. पण चिटणीसबाई म्हणाल्या, "गाडीचा बोल्ट काढलात ना, ते सांगा." मी म्हटले, त्यात सांगण्यासारखे काय आहे? तर म्हणाल्या, "तेच सांगा." म्हणून उभी आहे. चुकले तर सांभाळून घ्यावे.

आमच्याकडे जुनी मारुती ओम्नी आहे. हे तिच्यातून शाळेची मुले नेतात-आणतात. त्यावरच आमचे घर चालते. २२ जुलै २०२१ च्या पुरात आपल्या चिपळुणात कोणाचे काय गेले ते मी सांगायला नको. आमची गाडीही वाशिष्ठीच्या पाण्यात उभी होती. पुढे ती धुऊन, दुरुस्त होऊन चालू झाली. पण चिखलाचे पाणी जिथे जिथे शिरले, तिथे गंज मुकाट्याने आपले काम करीत राहिला.

२०२३ ची दिवाळीची सुट्टी संपत आली आणि गाडीचा सेल्फ बंद पडला. सेल्फ म्हणजे इंजिनाला पहिल्यांदा फिरवणारी विजेची मोटर. किल्ली फिरवली की नुसते 'टक्' व्हायचे. त्यातच ह्यांचा उजवा खांदा पायरीवरून पडून निखळलेला, हात गळ्यात बांधलेला. महिनाभर गाडी चालवायला एक ओळखीचे गृहस्थ तयार झाले होते, पण गाडी तर सुरू व्हायला हवी! मिस्त्रींकडे आठ दिवस सवड नव्हती आणि शाळा सोमवारी उघडणार होती. धक्का मारून गाडी सुरू होते खरी. पण मुले बसलेली असताना रस्त्यात बंद पडली तर धक्का कोणी मारायचा? दोघा पालकांनी दुसरी गाडी पाहायला सुरुवातही केली होती.

शनिवारी आमचा अकरावीतला मुलगा म्हणाला, "बाबा, मी काढतो सेल्फ. तुम्ही फक्त सांगा."

हा सेल्फ इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्या सांध्यापाशी दोन बोल्टांनी बसवलेला असतो. आमच्या गाडीत खालचा बोल्ट दिसतो, तो निघाला. वरचा मात्र हाताला लागतो, डोळ्याला दिसत नाही. मुलाचा हात जाड, आत मनगटापर्यंतच जाई. त्याने सीटखालचे झाकण काढून वरून पाना लावला, जोर पुरेना म्हणून पान्याला लोखंडी नळी अडकवली आणि जीव खाऊन ओढले. पाना सटकला, त्याची बोटे सोलली. हे चिडले. मुलगा रडकुंडीला आला. बापलेकांची जुंपली. कामापेक्षा ते भांडणच मला जड वाटले.

मी म्हटले, "माझा हात जाईल का बघू?"

हे म्हणाले, "तुला काय कळते त्यातले?"

मी म्हटले, "मला कळत नाही, तुम्हाला कळते. तुम्ही सांगा, मी करते."

गाडी सपाटीवर होती, चाकांना पुढून-मागून दगड लावले होते आणि नुसत्या जॅकच्या भरवशावर न ठेवता ती स्टँडवर घेतली होती. बॅटरीची उणे बाजूची वायर मुलाने आधीच सोडली होती. सेल्फला बॅटरीची जाड तार थेट आलेली असते. तिला आणि गाडीच्या लोखंडाला पाना एकदम टेकला तर ठिणगी उडते, आणि जवळ पेट्रोल असते. म्हणून ह्यांनी मला हातातल्या सोन्याच्या पाटल्या काढायला सांगितल्या. काचेच्या बांगड्या आत फुटतील म्हणून त्याही काढल्या. सासूबाई कासावीस झाल्या. मुलगा दुखण्यात आणि सुनेचे हात मोकळे! त्यांनी उठून हळदीत भिजवलेला दोरा माझ्या मनगटाला बांधला आणि म्हणाल्या, "आता घाल हात."

मी हात घातला. बोल्टाचे डोके बोटांनी चाचपले. ते माझ्याकडे नव्हते, पलीकडे तोंड करून होते. बरणीचे झाकण आपण समोरून फिरवतो. तीच बरणी आपल्याकडे बूड करून धरली तर झाकण उलटे फिरवावे लागते. मी खालचा निघालेला बोल्ट हातात घेतला, आतला जसा आहे तशाच दिशेने डोळ्यांसमोर धरला आणि फिरवून पाहिला. मग ह्यांना दाखवला. हे क्षणभर गप्प झाले. सकाळपासून आमचा मुलगा नळी लावून तो बोल्ट सोडवीत नव्हता, आवळीत होता!

दिशा कळली तरी गंज सोडीना. मग जोर बंद केला. तारेच्या ब्रशने पोचेल तिथला गंज घासला, सांध्यात गंज सोडवणारे तेल सोडले आणि रात्रभर तसेच ठेवले. सकाळी पुन्हा तेल. लांब सळी डोक्यावर टेकवून हलके हलके ठोके दिले, म्हणजे गंजाची पकड मोडते आणि तेल आत उतरते. सहा कोनांचा, नेमक्या मापाचा गोटी पाना मी बोटांनी डोक्यावर पूर्ण बसवला आणि तिथेच दाबून धरला. लांब दांडा लावून मुलाने बाहेरून ओढले. झटका नाही, सावकाश. ह्यांनी आधी किंचित आवळण्याच्या बाजूला आणि मग सोडण्याच्या बाजूला फिरवायला लावले.

हे म्हणाले, "मऊ लागले तर थांबा. बोल्ट पिळला जातोय, तुटेल. कट् असा आवाज झाला तर सुटला."

मी श्वास धरून होते. डोके तुटले असते तर गिअरबॉक्स उतरवण्यापर्यंत काम गेले असते आणि आठ दिवसांचा महिना झाला असता. तिसऱ्या खेपेला माझ्या तळव्याखाली 'कट्' झाले. मुलाच्या आधी मला कळले. सुटला!

एकात एक अडकलेली पातेली आपण आपटून काढीत नाही. आतल्यात गार पाणी, बाहेरून गरम पाणी, आणि थोडा धीर. तसेच हे. पण चूल आणि तेल यांचा मेळ इथे घालू नये. तेल सोडलेल्या, पेट्रोलच्या गाडीखाली आग नेऊ नये. आणि डोक्याचे कोने झिजू लागले की हट्ट सोडून मिस्त्रींना बोलवावे.

सेल्फमधले कार्बन झिजले होते. ते बदलून मिळाले. नवे बोल्ट, स्वच्छ आटे, आणि हातानेच आधी चार आटे बसवून मग पाना. सोमवारी सकाळी किल्ली फिरवली आणि गाडी एका दमात सुरू झाली. हे काही बोलले नाहीत. पण संध्याकाळी मला हाक मारून म्हणाले, "ये, ऑइल कसे बघायचे ते दाखवतो."

भगिनींनो, माझ्या अंगात मुलापेक्षा जोर नाही, ह्यांच्याइतके ज्ञान नाही. पण जोर एकाचा, ज्ञान एकाचे आणि हात एकीचा, असे तिघांचे मिळून ते काम झाले. तेव्हा "तुला काय कळते" असे कोणी म्हटले तर रागावू नका. "मग सांगा, मी करते" एवढेच म्हणा.

तो हळदीचा दोरा सासूबाईंनी अजून देव्हाऱ्यात ठेवला आहे. आणि तो गंजका बोल्ट मी पान्यांच्या डब्यात ठेवला आहे, कोणत्या बाजूला फिरवायचे ते विसरायला होऊ नये म्हणून.