टी-३४ : एक रणगाडा, तीन प्रतिकृती

टेबलावरील युद्धखेळ म्हणजे लहान प्रतिकृती, मोजपट्टी, फासे आणि छापील नियम यांच्या साहाय्याने एखादी लढाई पुन्हा मांडून पाहण्याचा खेळ होय. प्रशियाच्या सैन्यात राइसविट्झ यांनी १८२४ मध्ये अधिकाऱ्यांच्या शिक्षणासाठी अशा खेळाचे नियम सिद्ध केले, आणि १९१३ मध्ये एच. जी. वेल्स यांच्या 'लिटल वॉर्स' या पुस्तकाने खेळण्यातल्या सैनिकांची लढाई सामान्य वाचकांपर्यंत नेली. आज या खेळासाठी लागणारे रणगाडे सुट्या भागांच्या संचांच्या रूपात विकत मिळतात. एकाच रणगाड्याचे संच अनेक उत्पादक काढतात आणि त्यांतील कोणता घ्यावा हा प्रश्न प्रत्येक खेळाडूपुढे उभा राहतो. प्रस्तुत व्याख्यानात या प्रश्नाचा विचार सोव्हिएत टी-३४ या रणगाड्याच्या आधारे केला आहे, कारण तुलना करावयाची तर वाहन एक, प्रमाण एक आणि उत्पादक मात्र भिन्न असावे लागतात.

प्रथम प्रमाणाविषयी. येथे विचारात घेतलेले तिन्ही संच खेळाडूंच्या भाषेत 'पंधरा मिलिमीटर'चे आहेत. हा आकडा सैनिकाच्या पुतळ्याच्या तळपायापासून डोळ्यांपर्यंतच्या उंचीचा असून वाहनांच्या बाबतीत त्याचा अर्थ सामान्यतः १:१०० असा घेतला जातो. मूळ टी-३४ ची रुंदी ३ मीटर आणि तोफ वगळता लांबी सुमारे ५.९ मीटर असल्याने प्रतिकृतीची रुंदी ३० मिलिमीटर आणि लांबी ५९ मिलिमीटर भरली पाहिजे. कोणत्याही उत्पादकाचा दावा साध्या फूटपट्टीने तपासण्याची ही सोय मोलाची आहे, कारण खोक्यावरील चित्र कितीही देखणे असले तरी त्यावरून माप कळत नाही.

दुसरी कसोटी कालखंडाची. खारकोव्ह येथे मिखाईल कोश्किन यांच्या नेतृत्वाखाली घडलेला हा रणगाडा १९४० मध्ये उत्पादनात आला आणि युद्ध संपेपर्यंत त्याचे रूप बदलत राहिले. बदलाची सर्वांत ठळक खूण त्याच्या टरेटवर, म्हणजे तोफ बसवलेल्या फिरत्या भागावर, दिसते. सुरुवातीच्या टरेटवर एकच मोठे झाकण होते. १९४२ पासून आलेल्या षट्कोनी टरेटवर दोन गोल झाकणे आली. आणि १९४४ च्या प्रारंभी ८५ मिलिमीटरची तोफ व तीन माणसांचे मोठे टरेट घेऊन टी-३४/८५ रणांगणावर उतरला. त्यामुळे जुलै १९४३ मधील कुर्स्कची लढाई मांडणाऱ्याच्या टेबलावर टी-३४/८५ दिसला, तर रंगकाम कितीही सुबक असले तरी मांडणी इतिहासाला सोडून झाली असे म्हणावे लागते.

रशियातील झ्वेझ्दा या कंपनीचा संच 'टी-३४/७६, १९४० चे प्रारूप' या नावाचा असून त्यात एकच रणगाडा मिळतो आणि त्याचे मोजके भाग गोंदाशिवाय एकमेकांत दाबून बसतात. लहान मुलाला किंवा नवख्या खेळाडूला तो थोड्या वेळात उभा करता येतो, हा त्याचा मोठा गुण. मात्र त्याचे टरेट आरंभीच्या काळातील असल्याने तो १९४१ च्या लढायांना शोभतो, त्यापुढच्या काळाला नव्हे.

ब्रिटनमधील प्लास्टिक सोल्जर कंपनीच्या खोक्यात पाच रणगाडे येतात आणि प्रत्येकासाठी ७६ व ८५ अशा दोन्ही प्रकारची टरेट बनवण्याची सोय असते. सोव्हिएत टँक बटालियनच्या १९४३ मधील रचनेत एका कंपनीत दहा रणगाडे असत, हे लक्षात घेतले म्हणजे दोन खोक्यांत एक पूर्ण कंपनी उभी राहते. टरेट हलके बसवून अदलाबदलीसाठी मोकळे ठेवल्यास तीच कंपनी कुर्स्कलाही लढते आणि जून १९४४ च्या 'बाग्रातिओन' मोहिमेलाही.

न्यूझीलंडमधील बॅटलफ्रंट ही 'फ्लेम्स ऑफ वॉर' या नियमावलीची प्रकाशक कंपनी. तिचे जुने रणगाडे रेझिन, म्हणजे साच्यात ओतून घट्ट केलेले राळेसारखे रसायन, आणि कथलाचा मिश्रधातू यांचे असत. पुढे तिनेही प्लास्टिकचा मार्ग धरला. हा फरक हाताला लगेच जाणवतो. जुनी प्रतिकृती वजनदार लागते, तिची धातूची नळी वाकली तर सरळ करता येते, परंतु खाली पडल्यास रेझिनचा टवका उडतो. शिवाय पॉलिस्टायरीन प्लास्टिकचा गोंद दोन्ही पृष्ठभाग किंचित विरघळवून त्यांना एकजीव करतो. रेझिन आणि धातूवर त्याचा काहीच उपयोग होत नाही, तेथे घरोघरी फेव्हिक्विक या नावाने परिचित असलेल्या जातीचा गोंद लागतो, आणि तो सांधा आडव्या धक्क्याने सुटू शकतो.

प्लास्टिकलाही त्याच्या मर्यादा आहेत. वितळलेले प्लास्टिक दाबाने पोलादी साच्यात भरले जाते, आणि दोन भागांचा साधा साचा एकाच दिशेने उघडत असल्याने त्या दिशेला समांतर असलेल्या बाजूंवर खोल नक्षी उमटवता येत नाही. म्हणून परीक्षकाने टरेटच्या कडेवरील धरावयाच्या कड्या आणि साखळीपट्ट्याची बाहेरची कड जवळून पाहावी. उत्पादकाने भाग वेगळे पाडून ही अडचण सोडवली आहे की भागांची संख्या कमी ठेवण्यासाठी तपशील सोडून दिला आहे, हे तेथे उघड होते.

तरीही हा सारा तपशील समान मोलाचा नाही. खेळाडू प्रतिकृतीकडे वरून आणि बहुधा मागच्या बाजूने, हातभर अंतरावरून पाहतो. त्याला दिसतात ती टरेटची झाकणे, इंजिनावरील जाळी आणि मागची इंधनाची पिंपे, चाकांमधील स्प्रिंगा नव्हेत. 'फ्लेम्स ऑफ वॉर'मध्ये गोळा पुढच्या चिलखतावर लागला की बाजूच्या, हे ठरवताना रणगाड्याच्या पुढच्या कडेवरून एक काल्पनिक रेषा धरली जाते. म्हणून मापात लहानमोठ्या असलेल्या प्रतिकृती एकाच पलटणीत मिसळल्यास डोळ्याला विसंगती दिसतेच, शिवाय निर्णयाबाबत वादही संभवतो. शेकडो वेळा उचलून ठेवल्या जाणाऱ्या वस्तूत नाजूकपणा हा गुण ठरत नाही, हेही ध्यानात ठेवले पाहिजे.

या कसोट्यांवर निर्णय असा देता येतो. एखाद्याला १९४१ ची लढाई मांडायची असेल, किंवा घरातील मुलाला या छंदाची ओळख करून द्यायची असेल, तर झ्वेझ्दाचा संच निवडावा. जुन्या बॅटलफ्रंट प्रतिकृती ज्याच्याजवळ आधीच आहेत, त्याने त्याच कंपनीचा संग्रह पूर्ण करावा, कारण एकसारखेपणाला टेबलावर स्वतःची किंमत आहे. परंतु कोऱ्या पाटीवर सुरुवात करून १९४२ ते १९४५ या काळातील सोव्हिएत रणगाडा दल उभारू पाहणाऱ्यासाठी प्लास्टिक सोल्जर कंपनीचा पाच रणगाड्यांचा संच या तिघांत सर्वांत योग्य ठरतो. खरेदीपूर्वी लढाईचे वर्ष निश्चित करावे, एकच संच आणून मोजावा, आणि शक्य झाल्यास अहिल्यानगरच्या कॅव्हलरी टँक म्युझियममध्ये जाऊन खऱ्या रणगाड्यांशेजारी उभे राहावे. लहान प्रतिकृती कोणत्या महाकाय यंत्राची आठवण राखते हे उमगल्यावर केलेली निवड अधिक जाणती असते.