खाटेवरून झाड दिसले पाहिजे



दवाखान्यातली बाग म्हणजे शोभेची वस्तू, असे आपण धरून चालतो. ते खरे नाही. अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातल्या एका रुग्णालयाची १९७२ ते १९८१ या काळातली कागदपत्रे रॉजर उलरिच या संशोधकाने तपासली. पित्ताशयाचे ऑपरेशन झालेले ४६ रोगी. निम्म्यांना खिडकीतून झाडे दिसत, निम्म्यांना नुसती विटांची भिंत. ऑपरेशननंतर झाडे बघणारे सरासरी ७.९६ दिवस राहिले, भिंत बघणारे ८.७०. दुखणे थांबवायची जबर औषधेही झाडवाल्यांना कमी लागली. हे १९८४ साली छापून आले.

झाडाने रोग बरा होतो, असे मी म्हणत नाही. पण सोसणे हलके होते.

म्हणून अशी बाग आखणाऱ्याने आधी रोग्याला विचारावे. चाकाच्या खुर्चीवरच्याला वाकता येत नाही. त्याच्यासाठी वाफे उंच बांधतात, खाली गुडघ्यांना जागा ठेवतात. ज्या म्हाताऱ्यांना विसर पडतो, त्यांच्यासाठी वाट फिरवून परत दारापाशी आणतात, म्हणजे माणूस चुकत नाही, घाबरत नाही. बाकाला हात पाहिजेत, धरून उठता येते. विषारी झाड नको. आणि वॉर्डातून बागेत जायच्या दाराला कुलूप तर नकोच! कुलपातली बाग रोग्याच्या काय कामाची?

तेव्हा आपल्या भागात दवाखाना होईल, तेव्हा खाटा किती एवढेच विचारू नका. खाटेवरच्या माणसाला काय दिसणार, तेही विचारा.