काल पाहिलंस का?

(स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



शाळेने दिलेल्या संस्कारांवर आधीचे वक्ते भरभरून बोलले. मला संयोजकांनी सांगितलं, ‘तू काहीतरी हलकंफुलकं बोल.’ म्हणून मी टीव्हीवरच्या विनोदी मालिकांवर बोलणार आहे. आपल्या ग्रुपवर मी या विषयावर किती लिहिते, हे तुम्हाला माहीत आहे. त्यापायी काहींनी ग्रुप म्यूट केलाय, हे मलाही माहीत आहे.

आपण शिरूरला शिकत होतो तेव्हा बहुतेक घरांत दूरदर्शनच होतं. पुण्याचं प्रक्षेपण सिंहगडावरून व्हायचं. वाऱ्याने अँटेना फिरला की एकाने गच्चीवर चढायचं, दुसऱ्याने खालून ओरडायचं, ‘आलं, आलं... गेलं!’ ‘देख भाई देख’ आणि ‘श्रीमान श्रीमती’ आपण अशा पाहिल्या. त्यात भर मालिकेत वीज जायची. मग दुसऱ्या दिवशी प्रार्थनेच्या रांगेत पहिला प्रश्न असायचा, ‘काल पाहिलंस का?’ ज्याच्या आळीत वीज होती, तो मधल्या सुट्टीत सगळा भाग नकलांसकट सांगायचा. काही भाग मी अजूनही पाहिलेले नाहीत, पण ते मला पाठ आहेत.

पुढे लग्न होऊन आपल्यातल्या बऱ्याच जणी दौंडकडे गेल्या, काही जण पुण्यात, काही परदेशात. तरीही आपण मालिकांवर बोलत राहिलो. का, याचा मी थोडा विचार केला आहे.

आपल्या आई-वडिलांच्या पिढीकडे ‘चिमणराव’ होता. चिं. वि. जोशी बडोद्याला पाली भाषा शिकवायचे आणि विनोदी कथा लिहायचे. त्या कथांवरची मालिका सत्तरच्या दशकाच्या अखेरीस मुंबई दूरदर्शनवर आली. चिमणराव होते दिलीप प्रभावळकर आणि गुंड्याभाऊ बाळ कर्वे. आपण विशीत असताना, 2001 साली, तेच प्रभावळकर ‘श्रीयुत गंगाधर टिपरे’मध्ये आबा म्हणून घरी आले. त्यांच्याच ‘अनुदिनी’वरून केदार शिंदे यांनी ती मालिका केली. आमच्या क्षेत्रात पुढे ब्लॉगला मराठी शब्द हवा होता, तेव्हा काहींनी ‘अनुदिनी’च उचलला. याचा मला उगाचच अभिमान वाटतो.

टिपऱ्यांच्या घरात भांडणं व्हायची, पण कुणी खलनायक नव्हता. आबा, शेखर, श्यामला, शलाका, शिऱ्या, सगळे आपापल्या जागी बरोबर आणि तरीही हास्यास्पद. प्रोग्राम कुठे अडला हे शोधताना आम्हाला पायरी-पायरीने मागे जावं लागतं. विनोद का जमला, हे शोधतानाही मी तेच करते. टिपऱ्यांच्या बाबतीत दर वेळी एकाच ठिकाणी येऊन पोचते. तिथे हसणारा माणूस घरातला होता, बाहेरून बोट दाखवणारा नव्हता.

यावरूनच आपल्या ग्रुपवर सर्वांत मोठा वाद झाला होता, आठवतंय? पुरुषाने साडी नेसली की हशा, कुणी जाडी किंवा काळी असली की हशा, कुणी गावाकडचं बोललं की हशा. हे आपण किती दिवस चालवून घ्यायचं? एक मैत्रीण म्हणाली, ‘माझी लेक पुण्यात शिकते. ती वर्गात “व्हय” म्हणाली तर मुलं टीव्हीवरच्यासारखी हसतात.’ त्यावर एक मित्र म्हणाला, ‘प्रत्येक गोष्टीत मन दुखवून घेतलं तर हसायचं कशावर?’ दोघांचंही म्हणणं सोडून देण्यासारखं नाही.

मला यातली उदाहरणंच उपयोगी पडतात. ‘चला हवा येऊ द्या’मध्ये भारत गणेशपुरे वऱ्हाडीत बोलून समोरच्याला निरुत्तर करायचे. तिथे बोली हे त्यांचं हत्यार होतं. ‘महाराष्ट्राची हास्यजत्रा’मध्ये गौरव मोरे स्वतःला ‘फिल्टरपाड्याचा बच्चन’ म्हणवून घ्यायचे. ज्या वस्तीचं नाव सांगायला माणूस कचरला असता, ते नाव त्यांनी बिरुदासारखं लावलं. आणि आपल्या दौंडला लागून असलेल्या बारामती तालुक्यातली ‘चांडाळ चौकडीच्या करामती’ बघा. त्यात सगळेच आपल्यासारखं बोलतात, म्हणून बोलण्यावर कुणी हसतच नाही. हसू येतं ते माणसांच्या उचापतींवर. त्या मुलीला मी हेच सांगेन. तुझं ‘व्हय’ सोडू नकोस, ते ज्या वाक्यात येतं ते वाक्य धारदार कर.

आता थोडं गंभीर. दौंड तालुक्यातल्या आपल्या एका मैत्रिणीचे यजमान कोरोनात गेले. आपण सगळ्यांनी ‘भावपूर्ण श्रद्धांजली’ लिहिलं, हात जोडले आणि नंतर काय बोलावं ते कुणालाच कळेना. तीही बोलेना. बरेच महिने गेले. एकदा रात्री हास्यजत्रेतल्या समीर चौघुले आणि विशाखा सुभेदार यांच्या एका प्रहसनावर आपला वाद रंगला होता. अचानक तिचा मेसेज आला, ‘अरे, तो संवाद असा नाहीच. मी सासूबाईंबरोबर दोनदा बघितलाय.’ तिला कुणी काही विचारलं नाही. फक्त कुणीतरी लिहिलं, ‘मग कसा आहे, सांग.’ आणि तिने सगळा प्रवेश सांगितला, मधल्या सुट्टीत सांगायचो तसा. दुःखावर बोलायला आपल्याकडे शब्द नव्हते. विनोदावर बोलायला होते, आणि त्या निमित्ताने ती परत आली.

आज तिच्याच परवानगीने हे सांगते आहे. ती इथे दुसऱ्या रांगेत बसली आहे आणि ‘पुरे आता’ अशी खूण करते आहे.

म्हणून जाता जाता एवढीच विनंती. आता प्रत्येकाच्या हातात आपापला मोबाईल आहे, जो तो एकटाच बघतो आणि एकटाच हसतो. निदान बघितलेलं एकमेकांना सांगत जा. नुसती क्लिप पुढे ढकलू नका, काय आवडलं ते दोन ओळींत लिहा. आणि कुणी बरेच दिवस गप्प असेल तर ‘कशी आहेस?’ विचारणं जड जातं. त्यापेक्षा विचारा, ‘काल पाहिलंस का?’