नमुना घेणारा हात



 काल संध्याकाळी मी या अधिवेशनाच्या प्रदर्शनाच्या दालनात फिरत होतो. नव्या पीसीआर यंत्रांभोवती इतकी गर्दी होती की पुढे सरकायला वाट नव्हती. कोपऱ्यात एका टेबलावर स्वॅब, निर्जंतुक बाटल्या, लेबले आणि बर्फाचा डबा मांडला होता. तिथे कुणीही थांबत नव्हते. आज मला त्या टेबलाबद्दल बोलायचे आहे. हवेत, पाण्यात, मातीत किंवा एखाद्या इमारतीत घातक जिवाणू आले आहेत का, या प्रश्नाचे उत्तर निम्म्याहून अधिक त्या टेबलावरच ठरते, असे माझे मत आहे.

नोकरीच्या सुरुवातीच्या काळात माणदेशातल्या एका गावी मला पाठवले होते. मेंढ्या पटापट मरत होत्या आणि नाकातोंडातून काळसर, न गोठणारे रक्त येत होते. फाशी रोग, म्हणजे जनावरांची काळपुळी, असणार, हे कुणालाही कळत होते. मी पुस्तकात सांगितल्याप्रमाणे वाड्याभोवतीची बारा ठिकाणची माती घेतली, पिशव्यांवर नीट नोंदी केल्या, आणि बाराही नमुने निगेटिव्ह आले. दुसऱ्या खेपेला एक म्हातारे धनगर जवळ येऊन म्हणाले, "सायेब, मेंढरं बसत्यात तितली माती न्हेली तुमी. मेलेली कुठं पुरली, हे कुणी इचारलंच न्हाई." ते मला ओढ्याकाठी घेऊन गेले. तिथे उथळ खड्ड्यात जुनी जनावरे पुरली होती, आणि पावसाळ्यात ओढा ती माती खालच्या कुरणात पसरवत होता. तिथल्या मातीत जिवाणू सापडले. माध्यम, तापमान, सूक्ष्मदर्शक, सगळे दोन्ही वेळा तेच होते. बदलली होती ती फक्त जागा, आणि जागा सांगणारा माणूस.

माझ्या त्या बारा पिशव्यांसारखीच गोष्ट, कितीतरी मोठ्या प्रमाणावर, अमेरिकेत 2001 साली घडली. त्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये काळपुळीच्या, म्हणजे अँथ्रॅक्सच्या बीजाणूंची भुकटी भरलेली पाकिटे टपालाने पाठवली गेली. 22 जणांना लागण झाली, 5 जण मरण पावले. मरण पावलेल्यांत शेवटच्या होत्या कनेक्टिकट राज्यातल्या 94 वर्षांच्या एक आजी. त्यांना संशयित पाकीट आल्याची नोंदच नव्हती. तेव्हा संशय वॉलिंगफर्ड इथल्या टपाल छाननी केंद्रावर गेला. त्या नोव्हेंबरात तिथे तीन वेळा नमुने घेतले, आधी कोरड्या स्वॅबने, मग ओल्या. तिन्ही वेळा काहीही मिळाले नाही. चौथ्या वेळी मोठ्या पृष्ठभागावर ओल्या पुसण्या फिरवल्या आणि यंत्रांच्या आतली धूळ बारीक फिल्टरच्या व्हॅक्यूमने ओढून घेतली, तेव्हा छाननी यंत्रांत लाखो बीजाणू निघाले. तोवर त्या केंद्रात काम करणारे लोक रोज त्याच यंत्रांशेजारी उभे राहत होते.

2005 साली अमेरिकी संसदेच्या लेखापरीक्षण कार्यालयाने या सगळ्याची तपासणी करून एक स्पष्ट निष्कर्ष काढला. नमुना घेण्यापासून तपासणीपर्यंतच्या पद्धती शास्त्रीय कसोटीवर आधी पारखून घेतल्याच नव्हत्या, म्हणून 'निगेटिव्ह' अहवालावर कितपत विश्वास ठेवायचा हे सांगता येत नाही, असा तो निष्कर्ष होता. हे वाक्य प्रत्येक प्रयोगशाळेच्या दारावर लावावे, इतके मला ते मोलाचे वाटते.

कारण काय होते, ते एकदा सावकाश पाहू. टेबलावर समजा हजार बीजाणू आहेत. स्वॅब फिरवला की त्यातले काही उचलले जातात, बाकीचे लाकडाच्या रेषांत, कापडाच्या विणीत, धुळीच्या थराखाली राहतात. उचललेल्यांपैकी काही कापसाच्या धाग्यांत अडकून बसतात आणि द्रावणात उतरतच नाहीत. द्रावणातला थोडासा भाग प्लेटवर जातो. प्लेटवर मातीतले दुसरे जिवाणू भराभर वाढून आपल्याला हवा तो झाकून टाकतात. पीसीआर केला तर मातीतली ह्युमिक आम्ले विकराचे काम रोखतात, आणि डीएनए समोर असूनही यंत्र गप्प राहते. उलट, जिवाणू मरून गेले तरी त्यांचा डीएनए काही काळ टिकतो. तेव्हा यंत्र 'आहे' म्हणते आणि धोका मात्र संपलेला असतो. अशा पायऱ्या उतरत आलेल्या नमुन्यावर आपण 'आढळले नाही' लिहितो. लिहिणाऱ्याला अभिप्रेत असते की या बाटलीत आढळले नाही. वाचणारा जिल्हाधिकारी समजतो की त्या इमारतीत नाही. आपल्या व्यवसायातला सर्वांत धोकादायक गैरसमज या दोन वाक्यांच्या मधल्या जागेत राहतो.

हवेची गोष्ट याहून अवघड. अमेरिकेने 2003 पासून 'बायोवॉच' नावाची योजना चालवली आहे. तीसहून अधिक शहरांत हवा ओढणारी यंत्रे ठेवायची, फिल्टर माणसाने काढून प्रयोगशाळेत न्यायचा, तिथे डीएनए तपासायचा. हल्ला आणि निदान यांत दीड दिवसापर्यंत वेळ जातो, म्हणून आपोआप तपासणारी पुढची पिढी आणायचे ठरले. ती योजना 2014 मध्ये गुंडाळावी लागली. त्याआधी 2003 च्या ऑक्टोबरमध्ये ह्यूस्टन शहरात फिल्टरवर ट्युलारेमिया रोगाच्या जिवाणूचा डीएनए सलग तीन दिवस सापडला होता. आरोग्य खात्याने शहर पिंजून काढले, एकही रुग्ण मिळाला नाही. तो जिवाणू तिथल्या निसर्गात आधीपासूनच होता. म्हणजे यंत्र खोटे बोलले नव्हते. आपल्या हवेत रोज काय असते, याची आधी नोंद नसली की खरे उत्तरही फसवते.

आपल्याकडे हा प्रश्न अधिक टोकदार आहे. अळी मारण्यासाठी आपले शेतकरी बीटीची भुकटी फवारतात. त्या भुकटीतला बॅसिलस थुरिंजिएन्सिस आणि काळपुळीचा बॅसिलस अँथ्रॅसिस हे जवळचे भाऊबंद. विदर्भातल्या एखाद्या शेताजवळच्या हवेचा फिल्टर घाईघाईत तपासला, तर चाचणीची निवड चुकल्यास काय गोंधळ उडेल, याचा विचार करा. शिवाय साधे गणित आहे. हजारात एकदाच चुकणारी चाचणी घेतली आणि रोज शंभर फिल्टर तपासले, तर दर दहा दिवसांनी एक खोटा इशारा येणार. तिसऱ्या-चौथ्या खोट्या इशाऱ्यानंतर रात्री फोन उचलणारा अधिकारी पहिल्यासारखा धावत येत नाही, आणि त्याला दोष देता येत नाही.

खरे-खोटे कळत नसले की शहराचे काय होते, हे आपण 1994 मध्ये पाहिले. किल्लारीच्या भूकंपाला वर्षही झाले नव्हते तेव्हा ऑगस्टमध्ये बीड जिल्ह्यातल्या मामला गावी गाठीच्या प्लेगचा संशय आला, आणि सप्टेंबरात सुरतेत फुप्फुसाच्या प्लेगची बातमी पसरली. लाखो लोक सुरत सोडून निघाले. औषधाच्या दुकानांतून टेट्रासायक्लिन संपले. ज्यांचे नमुने घ्यायचे होते, त्यांनी आधीच गोळ्या घेतल्या होत्या, त्यामुळे कल्चरमध्ये जिवाणू उगवणे कठीण झाले, आणि निरनिराळ्या ठिकाणांहून येणारी उत्तरे एकमेकांशी जुळेनात. हा प्लेगच आहे का, यावर पुढे कितीतरी महिने वाद चालला. जनुकीय तपासण्यांनी तो प्लेगच असल्याचे नंतर सिद्ध केले, पण तोवर पन्नासहून अधिक माणसे गेली होती आणि देशाच्या व्यापाराला मोठा फटका बसला होता. औषध सुरू होण्यापूर्वी घेतलेला एक नमुना किती मोलाचा असतो, हे त्या शरद ऋतूने आपल्याला शिकवले.

आता दोन घटना सांगतो, ज्यांनी माझी या व्यवसायावरची श्रद्धा टिकवली.

1993 च्या उन्हाळ्यात टोकियोच्या कामेइदो भागात लोकांनी एका इमारतीतून दुर्गंधी येत असल्याच्या तक्रारी केल्या. ती इमारत ओम शिनरिक्यो पंथाची होती. पाहणीला आलेल्या कर्मचाऱ्यांनी बाहेरच्या बाजूने निघालेला थोडा द्रव एका नळीत भरून घेतला. तेव्हा काहीही कळले नाही. पण कुणीतरी ती नळी फेकून दिली नाही. ती थंड जागी ठेवली. काही वर्षांनी तीच नळी उघडून कल्चर लावले, तेव्हा त्यात काळपुळीचे जिवाणू निघाले. जनावरांच्या लसीत वापरतात तो, रोग न पसरवणारा प्रकार होता तो. पंथाने हे जिवाणू हवेत सोडूनही त्या वेळी कुणी आजारी का पडले नव्हते, हे कोडे त्या नळीमुळे सुटले.

दुसरी घटना सोव्हिएत रशियातल्या स्वेर्दलोव्स्क शहराची. 1979 च्या एप्रिलमध्ये तिथे काळपुळीने किमान 66 माणसे मेली. दूषित मांस खाल्ल्यामुळे, असे सरकारने सांगितले. कागदपत्रे जप्त झाली. मात्र फाइना अब्रामोवा आणि लेव ग्रिनबर्ग या दोन शवविच्छेदन करणाऱ्या डॉक्टरांनी रुग्णांच्या ऊतींचे नमुने जपून ठेवले. त्या नमुन्यांवरून जिवाणू श्वासावाटे गेल्याचे दिसले. पुढे मॅथ्यू मेसेल्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बळी पडलेली माणसे 2 एप्रिलला कुठे होती ते नकाशावर मांडले. लष्करी केंद्रापासून निघालेल्या एका अरुंद पट्ट्यात त्यांच्यापैकी बहुतेक बसली, आणि तो पट्टा त्या दिवशीच्या वाऱ्याच्या दिशेने होता. हवेचा एकही नमुना उरला नव्हता. माणसांच्या घराचे आणि कामाचे पत्तेच नमुना ठरले. 1994 साली हे शास्त्रीय नियतकालिकात आले, म्हणजे घटनेनंतर 15 वर्षांनी.

पर्यावरणातून रोगजंतू शोधणे आपल्या आवाक्याबाहेरचे आहे, असे मात्र कुणी समजू नये. मुंबईच्या सांडपाण्याने ते खोटे ठरवले आहे. 2001 पासून ठरावीक ठिकाणांहून, ठरावीक वेळी, ठरावीक पद्धतीने मैलापाण्याचे नमुने घेऊन त्यात पोलिओचा विषाणू शोधला जात आहे. ते पाणी वस्तीचा आरसा होते. अंगात विषाणू असून लक्षणे नसलेली मुले त्यात दिसत होती. मुंबईच्या सांडपाण्यात रानटी पोलिओ विषाणू शेवटचा दिसला तो 2010 च्या नोव्हेंबरात. देशातला शेवटचा रुग्ण 13 जानेवारी 2011 रोजी हावड्यात आढळला. इथे निगेटिव्ह अहवालाला अर्थ होता, कारण त्याच्यामागे वर्षानुवर्षांचे तेच ठिकाण, तीच पद्धत आणि पूर्वीचे पॉझिटिव्ह अहवाल उभे होते. माझ्या दृष्टीने हे आपल्या देशातले या क्षेत्रातले सर्वोत्तम काम आहे, आणि त्यामागे गटाराचे झाकण उघडून पहाटे बाटली भरणाऱ्या माणसांचे हात आहेत.

म्हणून या अधिवेशनाकडे माझे मागणे आहे. आपल्या प्रत्येक अहवालावर निकालाच्या आधी नमुना कसा घेतला ते छापावे: कोणत्या साधनाने, किती क्षेत्रफळावर, किती वेळात प्रयोगशाळेत पोचला, आणि ती पद्धत बीजाणू किती प्रमाणात उचलते. ठाऊक प्रमाणातले निरुपद्रवी बीजाणू टाकून आपल्या पद्धती आपणच पारखाव्यात, आणि अपयशाचे आकडे लपवू नयेत. पोलीस, पशुवैद्यक, महापालिका आणि प्रयोगशाळा यांनी नमुना घेण्याचा सराव शांततेच्या काळात एकत्र करावा. प्रसंगाच्या दिवशी ओळख करून घ्यायला वेळ मिळत नाही. आणि शंका फिटली तरी नमुना फेकू नये.

नमुना घेणाऱ्या कर्मचाऱ्यांबद्दल एवढेच सांगतो. त्यांच्यापैकी बरेच जण कंत्राटी आहेत. त्यांना मास्क आणि हातमोजे वेळेवर मिळत नाहीत, आणि अहवालावर त्यांचे नाव येत नाही. या सभागृहात शेवटच्या रांगांत त्यांपैकी काही बसले आहेत. उद्याच्या सकाळच्या सत्रात पहिला निबंध त्यांनी वाचावा, अशी विनंती मी संयोजकांना केली आहे आणि त्यांनी ती मान्य केली आहे. सत्र साडेनऊला सुरू होईल. सर्वांनी वेळेवर यावे.