इटलीस राहावयास जाणाऱ्यांस चार शब्द
(जोहे येथे जमलेल्या कुटुंबांपुढे केलेले भाषण)



हल्ली आपल्यांपैकी काहींची मुलेमुली वृद्धांच्या शुश्रूषेसाठी अथवा विद्याभ्यासासाठी इटलीस जावयास निघाली आहेत. रोम म्हणजे आपले माहेर, तेव्हा तेथे काय अडणार, असे पुष्कळांस वाटते. ही समजूत आम्हांस धोक्याची वाटते. धर्म एक असला म्हणजे राहणीही एक असते असे नव्हे.

गोव्याच्या दिवाडी बेटावरील मातेउश द कास्त्रु ह्यांस स्वदेशी गुरुदीक्षा मिळेना, म्हणून ते खुष्कीच्या मार्गाने १६२५ साली रोमेस पोचले. तेथे शिकून ते धर्मगुरू झाले, १६३७ साली बिशपपदास चढले, आणि १६७७ साली रोमेतच वारले. ख्रिस्ती म्हणून त्यांस दार उघडले खरे. परंतु आत गेल्यावर परक्या भाषेत शिकण्याचे कष्ट त्यांस चुकले नाहीत.

आजच्या प्रवाशाची परीक्षा पाठशाळेत नव्हे, वाण्याच्या दुकानात होते. दुकानात पाऊल टाकताच 'बुओनजोर्नो' म्हणावयाचे, दिवस कलल्यावर 'बुओनासेरा'. मुकाट्याने आत शिरून फळे चाचपून पाहू लागणे हे तेथे असभ्यपणाचे समजतात. 'च्याओ' हा शब्द आपण सिनेमातून उचलला आहे. तो मित्रांत शोभतो. वडीलधाऱ्यांस व अनोळखी माणसांस 'तू' न म्हणता 'लेई' म्हणावे. ह्या शब्दाचा मूळ अर्थ 'ती' असा असून तो पुरुषांसही लावतात. (१९३८ साली मुसोलिनीच्या सरकारने तो हद्दपार करू पाहिला. सरकार गेले, शब्द राहिला.) 'अहो' आणि 'अरे' ह्यांतील अंतर जाणणाऱ्या आपल्या मुलांस हे अवघड जाऊ नये.

जेवणाच्या वेळा ठरलेल्या. दुपारी एकच्या सुमारास व रात्री आठच्या पुढे. मधल्या वेळी लहान गावांतील दुकानेही बंद असतात. दुधाची कॉफी सकाळचीच, जेवणावर ती मागितली तर वाढपी चकित होतो. पंधरा ऑगस्ट हा आपला स्वातंत्र्यदिन व मरियामातेच्या स्वर्गोन्नयनाचा सण. तेथे तो सण सम्राट ऑगस्टसच्या नावाने 'फेर्रागोस्तो' म्हणून ओळखला जातो, आणि त्या सुमारास सारा देश सुटीवर निघतो. त्या आठवड्यात सरकारी काम काढू नये.

जोहे गावच्या लोकांस एक गोष्ट आवर्जून सांगतो. नेपल्स शहरात सान ग्रेगोरिओ आर्मेनो नावाची अरुंद गल्ली आहे. नाताळच्या गोठ्यातील मेंढपाळ, पाणके, पाववाले तेथे मातीचे घडवितात, आणि तो उद्योग वर्षभर चालतो. आपल्या ह्या गावात गणेशमूर्तींच्या कारखान्यांतून हेच चालते. डोळ्यांच्या आखणीस किती स्थिर हात लागतो हे ज्याने येथे लहानपणापासून पाहिले आहे, त्यास त्या गल्लीत बोलावयास विषय शोधावा लागणार नाही.

आता कागदपत्रांविषयी, ह्यात हयगय नको. पोचल्यापासून आठ कामाच्या दिवसांत 'पेर्मेस्सो दि सोजोर्नो', म्हणजे रहिवासाचा परवाना, ह्यासाठी अर्ज करावा लागतो. लेखी करारावाचून काम धरू नये, दलाल कितीही गोड बोलला तरी. २०२४ सालच्या जून महिन्यात रोमच्या दक्षिणेस लातिना प्रांतात एका पंजाबी शेतमजुराचा हात यंत्रात तुटला. त्यास इस्पितळात नेण्याऐवजी घरापुढे टाकून देण्यात आले, आणि तो मरण पावला. तो कराराविना राबत होता. गोठे व मळे आपल्याच देशबांधवांच्या श्रमावर चालत असता हे घडले, ह्याचा आम्हांस संताप येतो.

तेथील 'कोदिचे फिस्काले' हा सोळा अक्षरांकांचा करक्रमांक आडनाव, नाव, जन्मतारीख व जन्मस्थान ह्यांवरून बनतो. आपल्याकडे एका कागदावर मधे वडिलांचे नाव असते, दुसऱ्यावर नसते. विवाहित स्त्रियांचे तर पारपत्र माहेरच्या नावाचे आणि दाखले सासरच्या. तेथे स्त्रिया कागदोपत्री माहेरचेच आडनाव लावतात, त्यामुळे कारकुनास हा घोळ उमगत नाही. निघण्यापूर्वी सर्व कागद एकत्र ठेवून नावाचे अक्षर न् अक्षर ताडून पाहावे. बाप्तिस्म्याचा अथवा विवाहाचा दाखला हवा असेल त्यांनी पारपत्र घेऊन आमच्याकडे यावे; नोंदवही समोर ठेवून आपण दोन्ही नावे पडताळून पाहू.